‘शासन, महाराष्ट्र’ आणि इतर सातशे नोंदी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका भगिनीचे पत्र आहे. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांवर, म्हणजे मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातील गावतलावांवर, त्या गेली सहा वर्षे पीएच.डी.चा प्रबंध लिहीत आहेत. प्रबंध मराठीत आहे. संदर्भ मराठी, इंग्रजी आणि थोडे हिंदी आहेत. आजवर जमलेल्या सुमारे सातशे नोंदी चार ठिकाणी विखुरल्या आहेत: एक दोनशे पानी वही, वर्डच्या दोन फायली, मैत्रिणीने लॅपटॉपवर टाकून दिलेले मेंडेली आणि अलीकडे स्वतःच सुरू केलेले झोटेरो (ही दोन्ही संदर्भ साठवून वर्डमध्ये त्यांचे उल्लेख आणि सूची घालणारी सॉफ्टवेअरे). यांपैकी प्रबंधात प्रत्यक्ष उल्लेख झालेले संदर्भ अंदाजे २८० आहेत. पहिली तीन प्रकरणे टायपिंग सेंटरवर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाली, पुढची दोन त्यांनी स्वतः युनिकोडमध्ये केली. सादर करायला चार महिने उरले आहेत. मार्गदर्शक म्हणतात, ‘संदर्भसूची शेवटी एकदम टाइप करून घ्या, सगळे तसेच करतात.’ नव्याने रुजू झालेला सहकारी म्हणतो, ‘हे सगळे सोडा आणि लॅटेक व जॅबरेफवर या’, म्हणजे वर्डऐवजी आज्ञा लिहून मजकूर मांडणारे सॉफ्टवेअर आणि त्याच्या जोडीचे संदर्भ-सॉफ्टवेअर घ्या. घरचे आवरून रात्री नऊनंतर वेळ मिळतो आणि नेमकी तेव्हाच लाईन जाते. त्या विचारतात: कोणते सॉफ्टवेअर धरू? प्रत्येक प्रकरणाचा डेटाबेस वेगळा ठेवू की सगळ्यांचा एकच? आणि सातशे नोंदी चार महिन्यांत नीट होतील का?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्रातली सगळी घालमेल त्यातून आलेली दिसते. सातशेच्या सातशे नोंदी नीट करायच्या आहेत, हे तुम्ही गृहीत धरले आहे. प्रबंधात उल्लेख मात्र २८० संदर्भांचेच आहेत. उरलेल्या चारशेवीस नोंदींचे पुढचे चार महिने काहीही करू नका. त्या पुसू नका, सुधारू नका, त्यांच्याकडे पाहून अपराधीही वाटून घेऊ नका. पुढे लेख लिहाल, पुस्तक कराल, तेव्हा त्या कामी येतील.

एक नाजूक प्रश्नही विचारून घेतो, राग मानू नका. या सातशेंपैकी किती पुस्तके, लेख आणि अहवाल तुम्ही स्वतः हातात धरले आहेत? शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे जुने प्रबंध उघडायचे, त्यांच्या शेवटची सूची आपल्या फाइलमध्ये उतरवून घ्यायची आणि ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवून द्यायची, ही सवय आता इतकी रूढ आहे की तिच्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटत नाही. पण मूळ प्रबंधात प्रकाशनवर्ष चुकले असेल, तर ते चुकीचे वर्ष पुढच्या पाच प्रबंधांत तसेच चालत जाते. एखादे विधान दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत झालेले वाचले असेल, तर नोंद त्या दुसऱ्या पुस्तकाची करावी आणि मजकुरात ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही. तुमचे २८० या चाळणीतून गेले, तर कदाचित २५० उरतील आणि काम तेवढे हलके होईल.

मी तीस वर्षे ग्रंथपाल होतो, म्हणून डेटाबेस म्हटले की मला आमची दाखल नोंदवही आठवते. पुस्तक ग्रंथालयात आले की त्याला एक दाखल क्रमांक मिळायचा. पुस्तक हरवले, फाटले, निर्लेखित झाले, तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. नोंद करताना पुस्तक समोर उघडे असले पाहिजे, हा दुसरा नियम. पुस्तक एकच असले तरी त्याची कार्डे अनेक असत: एक लेखकाचे, एक शीर्षकाचे, दोन-तीन विषयांची. वाचक कोणत्याही कार्डावरून आला तरी त्याच कपाटाशी पोहोचायचा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या व्यवस्थेत आहे. डेटाबेस एकच ठेवा आणि प्रकरणांसाठी त्याच्या आत वेगवेगळी कलेक्शन्स करा. झोटेरोमध्ये एकच नोंद दहा कलेक्शन्समध्ये ठेवली तरी तिच्या दहा प्रती होत नाहीत. आमच्या विषयकार्डांसारखे ते नुसते बोट दाखवतात. प्रकरणागणिक वेगळा डेटाबेस केलात, तर तिसऱ्या प्रकरणात दुरुस्त केलेले वर्ष पाचव्या प्रकरणात चुकीचेच राहील.

हे हवेतले बोलणे नाही. तुम्ही पत्रासोबत चारही ठिकाणच्या नोंदींचे फोटो पाठवले आहेत, त्यांतले एकच उदाहरण घेतो. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली लंडनच्या मॅकमिलनने चार खंडांत काढला. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजावरची नोंद त्याच्या तिसऱ्या खंडात आहे, म्हणजे तुमच्या विषयात हा ग्रंथ टाळता येणार नाही. तुमच्या वहीत ‘रसेल, खंड ३’ एवढेच आहे. वर्डच्या फाइलमध्ये ‘रसेल व हिरालाल, १९१६’ आहे. झोटेरोमध्ये वर्ष पुनर्मुद्रणाचे आहे आणि हिरालाल गायब आहेत. मेंडेलीत तर ‘लाल, राय बहादूर हिरा’ असे एक नवेच गृहस्थ अवतरले आहेत! मुखपृष्ठावर त्यांचे नाव इंग्रजीत ‘हिरा’ आणि ‘लाल’ असे तोडून छापले आहे. सॉफ्टवेअरने शेवटचा शब्द आडनाव मानला आणि सरकारी किताब पहिल्या नावात घातला. या चार नोंदी चार प्रकरणांत गेल्या असत्या, तर सूचीत एकाच ग्रंथाचे चार ग्रंथ झाले असते आणि परीक्षकांनी पहिले बोट तिथेच ठेवले असते.

अशा नोंदी एकत्र आणताना एक काळजी घ्या. झोटेरो सारख्या वाटणाऱ्या नोंदी वेगळ्या काढून दाखवते आणि त्या विलीन करण्याची सोय देते. नकोशी नोंद खोडून टाकू नका, विलीनच करा. विलीन केलेल्या नोंदीचा वर्डमधल्या उल्लेखाशी असलेला धागा टिकतो, खोडलेल्या नोंदीचा तुटतो. मग तुम्ही डेटाबेसमध्ये कितीही दुरुस्ती केली, तरी प्रबंधातला तो उल्लेख जुनाच राहतो आणि असे का होते ते कळत नाही.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या तरुण सहकाऱ्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तो सहा वर्षांपूर्वी मिळायला हवा होता. गणित-भौतिकशास्त्राच्या माणसाला लॅटेकसारखे दुसरे साधन नाही. मात्र त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे, संदर्भसूची लावणारे बिबटेक हे ओरेन पताश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ साली केले, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये. देवनागरी नावे अकारविल्हे लावण्याची अपेक्षा त्या जुन्या साधनाकडून करता येत नाही. त्यासाठी बिबलॅटेक आणि बायबर ही नवी जोडी, शिवाय देवनागरी अक्षरे नीट मांडणारे झीलॅटेक किंवा लुआलॅटेक लागते. हे सगळे शिकण्यासारखे आहे. फक्त सादरीकरणाला चार महिने असताना, रात्री नऊनंतर, लाईन येत-जात असताना ते शिकू नये. सहकाऱ्याला सांगा की झोटेरोतल्या नोंदी केव्हाही बिबटेक किंवा आरआयएस स्वरूपात बाहेर काढता येतात आणि त्या जॅबरेफमध्ये उघडतात. म्हणजे त्याचा रस्ता तुमच्यासाठी बंद होत नाही.

मेंडेलीतल्या नोंदी झोटेरोत आणून ठेवा आणि तो विषय संपवा. मेंडेलीचे जुने डेस्कटॉप रूप सप्टेंबर २०२२ पासून नव्याने उतरवून घेता येत नाही. तुमच्या मैत्रिणीने टाकून दिलेली प्रत तेच रूप असेल, तर हा लॅपटॉप बंद पडल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर पुन्हा बसवणे अवघड आहे. मेंडेलीचे ऑनलाइन खाते असल्यास झोटेरो तिथून नोंदी थेट आयात करते. एखादे दिवशी महाविद्यालयातल्या इंटरनेटवर बसून हे करून टाका.

झोटेरोकडे माझा कल आहे आणि त्याचे कारण ते फुकट आहे एवढेच नाही. ते २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास-केंद्रात तयार झाले. इतिहासकारांनी केलेले असल्यामुळे दप्तरखाना कोणता आणि त्यातला दस्तऐवज नेमका कुठे, यासाठी त्यात वेगळे रकाने आहेत, आणि तुम्हाला त्यांचीच गरज आहे. निस्तारपत्रक (गावकऱ्यांच्या वापरहक्कांची नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद), जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे कागद यांना आयएसबीएन नसतो, डीओआय नसतो, कित्येकदा शीर्षकही नसते. त्यांच्यासाठी हस्तलिखित हा प्रकार निवडा. शीर्षकाच्या जागी कागदाचे स्वरूप आणि गावाचे नाव लिहा, दप्तराच्या रकान्यात तहसील किंवा जिल्ह्याचा अभिलेख कक्ष, ठिकाणाच्या रकान्यात बस्ता आणि पान. परवानगी घेऊन काढलेला पहिल्या पानाचा फोटो त्याच नोंदीला जोडून ठेवा. तोंडी परीक्षेत कुणी ‘हा कागद कुठला?’ असे विचारले, तर फोटो दाखवता येईल. तलावाच्या पाळीवर (बांधावर) बसून कास्तकारांच्या ज्या मुलाखती घेतल्या, त्यांच्याही नोंदी करा, फक्त माहितीदाराचे नाव उघड करायचे नसेल तर सुरुवातीपासून सांकेतिक क्रमांकच घाला. नंतर नावे पुसत बसलात तर एखादे राहून जाते.

सरकारी प्रकाशनांवर थोडे जास्त थांबतो, कारण विदर्भावर लिहिणारे जवळजवळ सगळे इथेच अडखळतात. लेखकाच्या रकान्यात ‘महाराष्ट्र शासन’ लिहिले आणि रकाना नाव-आडनाव असा दुहेरी राहू दिला, तर सूचीत ‘शासन, महाराष्ट्र’ उमटते. मी हे छापून, बांधून, सोनेरी अक्षरांचे कव्हर चढवून सादर झालेल्या प्रबंधात पाहिले आहे. लेखकाच्या रकान्याशेजारी तो एकेरी करण्याचे छोटे बटण असते, ते दाबा. बिबटेकवाल्यांनी अशा नावाभोवती दुहेरी महिरपी कंस घालावेत. दुसरी गोष्ट शासन कोणाचे ही. आपला भूभाग १९५० पर्यंत सी. पी. अँड बेरारमध्ये (मध्य प्रांत व वऱ्हाडमध्ये) होता, मग मध्य प्रदेशात गेला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. ज्या कायद्याने मालगुजारी गेली, तो १९५० चा कायदा म्हणूनच मध्य प्रदेशच्या नावावर आहे. त्याच्यापुढे महाराष्ट्र शासन लिहिणे ही चूक आहे. १९०९ चे गॅझेटियर ‘चांदा’ जिल्ह्याचे आहे, त्याचे ‘चंद्रपूर’ करू नका. १९०८ च्या भंडारा गॅझेटियरमध्ये आजचा गोंदिया आहे, पण गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला, तेव्हा शीर्षकात त्याला घुसवू नका. शीर्षकपानावर जे आहे ते तसेच उतरवायचे. आजचे नाव हवेच असेल तर टॅगमध्ये लिहा, म्हणजे शोधताना सापडेल. शासन निर्णयाच्या नोंदीत विभाग, क्रमांक, दिनांक आणि संगणक संकेतांक ही चारही अंगे हवीत. नुसते ‘शासन निर्णय, जलसंधारण’ लिहिल्याने कुणाला काही सापडत नाही.

मराठी नोंदींची दुखणी वेगळीच आहेत. आयएसबीएन टाकून पुस्तक आपोआप आणायला गेलात, तर मराठी पुस्तकाचे नाव पुष्कळदा रोमन लिपीत, डोक्यावर रेघा आणि खाली टिंबे घेऊन येते. ते तसेच ठेवू नका, देवनागरीत पुन्हा लिहा. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल, तर त्यात चैत्र ते डिसेंबर या काळासाठी ७८ आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळासाठी ७९ मिळवा. शके १८३८ म्हणजे १९१६-१७. दिनांकाच्या रकान्यात इसवी सन, आणि मूळ शके ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात. तो आकडा आत इंग्रजी अंकांत लिहा, कारण देवनागरी अंकांतले वर्ष ही सॉफ्टवेअरे अनेकदा वर्ष म्हणून ओळखत नाहीत आणि मग कालक्रम बिघडतो. छापताना देवनागरी अंक हवे असतील तर ते शेवटी बदलता येतात.

आता ‘वऱ्हाड’ या आपल्या घरच्या शब्दाकडे पाहा. त्यातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो. एकीत मुळातच वेगळा असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन मागे एक न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका कळफलकाने टाइप केलेली नोंद दुसऱ्या कळफलकाने शोधलीत, तर ती असूनही सापडत नाही, आणि माणूस सापडत नाही म्हणून पुन्हा भरतो. तुमच्या दुबार नोंदींतल्या काही अशाच आल्या असाव्यात. उपाय साधा आहे: एकच कळफलक वापरा, आणि बाहेरून चिकटवलेल्या नोंदींतले असे शब्द एकदा हाताने पुन्हा टाइप करा.

यातून तुमच्या खऱ्या अडचणीशी येतो. तिचा पत्रात तुम्ही जाता जाता उल्लेख केला आहे, पण मला विचाराल तर चार महिन्यांतला मोठा वाटा तीच खाणार आहे. पहिली तीन प्रकरणे कृतिदेवमध्ये आहेत. कृतिदेव, शिवाजी आणि त्यांच्या पिढीचे इतर फॉन्ट संगणकाला मराठी सांगतच नाहीत. ते इंग्रजी अक्षरांना देवनागरी मुखवटा घालतात. झोटेरो युनिकोड बोलते, म्हणून तुम्ही त्या प्रकरणांत संदर्भ घातलात की एक तर तो चौकोन-चौकोन दिसेल किंवा बाकी मजकुरापासून फुटून वेगळ्याच अक्षरात दिसेल. ही प्रकरणे युनिकोडमध्ये आणावी लागतील. रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण ती रफार, काही जोडाक्षरे आणि नेमका तो ‘ऱ्ह’ बिघडवतात. मजकुरात मध्येच आलेल्या इंग्रजी शब्दांचीही ती देवनागरी खिचडी करतात. शिवाय मजकूर उचलून तिकडे चिकटवताना तळटीपा मागेच राहतात. म्हणून आधी तिन्ही प्रकरणांची तळटीपांसह छापील प्रत काढा, परिच्छेदागणिक रूपांतर करा, आणि छापील प्रतीवर बोट ठेवून प्रत्येक तळटीप झोटेरोमधून नव्याने घाला. काम कंटाळवाणे आहे. मात्र संदर्भ पारखण्याचे कामही त्यातच होऊन जाते, कारण प्रत्येक नोंदीला तुम्ही एकदा स्पर्श करता.

हिशेब करा. २८० नोंदी, रोज बारा, म्हणजे चोवीस दिवस. बारा नोंदींना दीड तास पुरतो, अट एवढीच की शीर्षकपान आणि त्याच्या मागचे पान यांचा फोटो मोबाइलमध्ये असावा. फोटो नसतील त्यांची वेगळी यादी करा आणि नागपूरच्या एका फेरीत ग्रंथालयात बसून त्या सगळ्या उरकून टाका. चार महिन्यांतला पहिला महिना याला द्या, दुसरा कृतिदेवला. उरलेले दोन महिने तुम्हाला लिहायला मिळतात.

लेखन सुरू असताना प्रकरणे वेगळ्या फायलींत ठेवायला हरकत नाही, पण सूची तयार करण्यापूर्वी ती एका फाइलमध्ये आणा. एकाच लेखकाची एकाच वर्षाची दोन पुस्तके असतील, तर त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ कोणी व्हायचे हे सॉफ्टवेअर संपूर्ण दस्तऐवज पाहूनच ठरवते. फाइल मोठी झाली की प्रत्येक उल्लेखागणिक वर्ड दम खाऊ लागेल. झोटेरोच्या दस्तऐवज-पसंतीत उल्लेख आपोआप अद्ययावत करण्याची खूण असते, ती काढून टाका आणि दिवसाच्या शेवटी एकदा रिफ्रेश करा. ती फाइल टायपिंग सेंटरच्या संगणकावर दुसऱ्याच कुठल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडून जतन होऊ देऊ नका. उल्लेखांमागचे अदृश्य धागे तिथे तुटू शकतात आणि दिसायला सगळे जागच्या जागी असल्यामुळे महिनाभर पत्ताही लागत नाही.

मराठी आणि इंग्रजी सूची वेगळी हवी, असे बहुतेक मार्गदर्शक सांगतात. सॉफ्टवेअर एका दस्तऐवजासाठी एकच भाषा धरते, त्यामुळे मराठी नोंदीतही इंग्रजी ‘अँड’ आणि ‘एट अल’ उमटतात. त्याच्याशी आता भांडू नका. सगळे संपल्यावर फाइलची वेगळ्या नावाने प्रत काढा, त्या प्रतीत उल्लेखांचे धागे तोडून साधा मजकूर करा, आणि मग देवनागरी नोंदी उचलून वेगळ्या शीर्षकाखाली न्या. त्या बहुतेक वेळा एकत्रच आलेल्या असतात. ‘अँड’चे ‘आणि’ तिथे करा. धागे एकदा तुटले की परत जुळत नाहीत, म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. सूची लांबल्याने साम्य तपासणीत (वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या तपासणीत) टक्का वाढेल ही भीतीही तुम्ही लिहिली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार संदर्भ आणि ग्रंथसूची त्या तपासणीतून वगळायची असतात.

लाईनचे आणि लॅपटॉपचे काय? झोटेरोला रोजच्या कामासाठी इंटरनेट लागत नाही. नोंदींचे सिंक फुकट आणि अमर्याद आहे. मर्यादा आहे ती जोडलेल्या फायलींना, ३०० एमबी. फायलींचे सिंक बंद ठेवून नुसत्या नोंदींचे चालू ठेवलेत, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही ते दोन मिनिटांत होते. झोटेरोचे मूळ फोल्डर मात्र ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या आपोआप सिंक होणाऱ्या जागेत ठेवू नका. त्यातली डेटाबेसची फाइल अर्धवट लिहिली जाऊन बिघडते. दर रविवारी झोटेरो पूर्ण बंद करून त्या फोल्डरची झिप करा, नावात तारीख घाला आणि दोन पेनड्राइव्हवर ठेवा, त्यांतला एक महाविद्यालयातल्या कपाटात.

राहिले तुमचे सर. ‘सूची शेवटी टाइप करून घ्या’ हे सांगताना ते त्यांच्या अनुभवातून बोलत आहेत आणि त्यांच्या काळी दुसरा मार्गही नव्हता. माझा स्वतःचा एम.फिल.चा प्रबंधही तसाच टंकलिखित झाला. शेवटच्या आठवड्यात मी एका पानावर एक तळटीप मध्येच वाढवली, वर्तमानपत्रातल्या बातमीची. तिच्याखालच्या टीपेत ‘तत्रैव’, म्हणजे ‘वरच्या टीपेतलाच संदर्भ’, असे होते. ते आधी जिल्हाधिकाऱ्याच्या अहवालाकडे बोट दाखवत होते, ते आता त्या बातमीकडे दाखवू लागले. परीक्षकांनी विचारले, ‘जिल्हाधिकाऱ्याची ही भाषा वर्तमानपत्राला कुठून मिळाली?’ तीस वर्षे झाली, तरी ‘तत्रैव’ दिसले की मी वरची टीप दोनदा वाचतो. तळटीपांची शैली निवडल्यास हा हिशेब सॉफ्टवेअर स्वतः ठेवते.

सरांशी या विषयावर वाद घालू नका, त्यांना झोटेरो दाखवायलाही जाऊ नका. महिनाभराने तयार झालेली सूची मोठ्या अक्षरात, दोन ओळींत जागा सोडून छापा आणि त्यांच्या हातात द्या. ते पेन्सिल घेऊन बसतील, कुठे स्वल्पविराम मागतील, कुठे प्रकाशनस्थळ, आणि दोन-तीन ठिकाणी तुमच्या-माझ्या नजरेतून सुटलेली खरी चूक धरतील. त्या सगळ्या खुणा घरी आल्यावर झोटेरोतल्या नोंदींत दुरुस्त करा, वर्डमधल्या सूचीत नाही. आणि रिफ्रेश करून नवी प्रत काढाल, तेव्हा जुनी पेन्सिलवाली प्रतही सोबत न्या, कारण ते ती मागतीलच.